पठारावर लेन्सची पारख

एकदा एका ओसाड पठारावर दोघे जण एका नव्या लेन्सची परीक्षा घ्यायला गेले. एक होते वृद्ध छायाचित्रकार अण्णा, आणि दुसरा त्यांचा जुना शिष्य. शिष्य आता नावारूपाला आला होता. त्याची निसर्गचित्रं प्रदर्शनांत लागत, आणि त्यांत माणूस कधीच नसे. चौकटीत कुणी आलंच, तर ते निघून जाईपर्यंत तो थांबून राही. असं थांबता थांबता त्याच्या आयुष्यातूनही माणसं एकेक करून निघून गेली होती. गावोगावच्या लॉजवर एकट्याने जेवायचं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. गुरुपत्नी गेल्या तेव्हाही तो दूर कुठल्याशा घाटात होता. फोनवर दोन शब्द बोलला; भेटायला जायचं राहिलं, ते राहूनच गेलं.

आता एका मासिकासाठी त्याला या वाइड अँगल, म्हणजे रुंद दृश्य एका चौकटीत घेणाऱ्या, झूम लेन्सविषयी लिहायचं होतं. अण्णांचं मत घ्यावं, या निमित्ताने तो आला होता.

हिवाळ्यातली सकाळ होती. वाळलेलं गवत, उघडे कातळ आणि पलीकडे डोंगरांची लांबच लांब रांग. शिष्याने ट्रायपॉड रोवला, लेन्स सर्वांत रुंद केली आणि फोटो घेऊ लागला. तेवढ्यात अण्णा काठी टेकत पुढे निघाले आणि बरोबर समोरच, बऱ्याच लांबच्या एका कातळावर जाऊन बसले. शिष्याला हे विचित्र वाटलं. पण गुरूला बाजूला व्हा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने काम चालू ठेवलं. फोटो मोठा करून चारही कोपरे न्याहाळले. गवताची पाती अगदी कडेपर्यंत रेखीव होती. क्षितिज कुठे वाकलं नव्हतं. सूर्य चौकटीत घेऊनही फोटोत प्रकाशाचे डाग पडले नव्हते. लेन्स उत्तम आहे, असं त्याने तिथूनच ओरडून सांगितलं.

"मी कुठे आहे त्यात?" अण्णांनी तिकडून ओरडून विचारलं.

शिष्याने शोधलं. त्या अफाट पठारावर तिळाएवढा एक ठिपका होता. त्याने झूम फिरवला. ठिपका जरासा वाढला, पण डोंगर चौकटीबाहेर गेले.

"लेन्स रुंदच राहू दे," अण्णा म्हणाले, "आणि तू चालत ये."

तो कॅमेरा घेऊन गेला आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर गुडघे टेकून बसला. आता अण्णांचा चेहरा मोठा दिसत होता, आणि तरी त्यांच्या खांद्यांमागे सगळी डोंगररांग मावली होती.

अण्णा शांतपणे म्हणाले, "ही लेन्स जागेवर उभं राहून पारखता येत नाही. ती सर्वांना सामावून घेते, पण सर्वांना दूरही लोटते. तिच्यातून एखाद्याला नीट पाहायचं, तर आपणच उठून त्याच्याजवळ जावं लागतं. आणि माणसाला मधोमध घे. कडेला तो ताणला जातो."

शिष्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. अण्णांची नजर मात्र त्याच्या कानापलीकडे कुठेतरी होती. इकडे बघा, असं त्याने सुचवलं.

"तुझ्याकडेच बघतोय. सरळ पाहिलं की तुझा चेहरा दिसत नाही रे. नजरेतलं मधलं गेलंय, कडा तेवढ्या उरल्यात."

"कधीपासून, अण्णा?"

"ती होती तेव्हापासूनच. तिला ठाऊक होतं. ती गेल्यावर मग सांगायला घरात कुणी नव्हतं."

शिष्याचा कॅमेरा हळूहळू खाली आला. सकाळपासून तो त्यांच्याबरोबर होता, एकाच गाडीतून आला होता, आणि त्याला काहीही कळलं नव्हतं. 'मी कुठे आहे त्यात?' हा मघाचा प्रश्न केवळ लेन्सच्या परीक्षेसाठी नव्हता, हेही आता त्याच्या ध्यानात आलं.

लेन्सविषयी लिहायचं त्या दिवशी राहून गेलं. पठार उतरताना त्याने अण्णांचा हात धरला. स्वयंपाक कोण करतं, डॉक्टरांकडे कोण नेतं, संध्याकाळी काय करता, असं तो एकेक विचारत गेला. आणि बोलायची सवय सुटलेल्या माणसासारखे, मध्येमध्ये थांबत, अण्णा उत्तरं देत राहिले.

दुरून सगळेच चौकटीत मावतात; कोण कसं आहे, ते जवळ गेल्यावरच कळतं.