घरभर हिंडणाऱ्या गळतीची कहाणी

ऐक आढेमाये, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं, उतरत्या कौलांची एक आळी होती. तिथं वारूबाई नि नारोबा राहत. त्यांची लेक ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. वारूबाई म्हणे, "अहो, कौलं परतायची ना?" नारोबा म्हणे, "उद्या परतू." मग आभाळ आलं, वारा सुटला, लिंबाएवढ्या गारा पडल्या. स्वैपाकघरावरची कौलं फुटली.

नारोबा मोठा मानी, शेजारी मागायचा नाही. मग त्यानं काय केलं? गोठ्यावरची कौलं काढली, स्वैपाकघरावर घातली. पाऊस आला, गाय भिजली. मग माजघरावरची काढली, गोठ्यावर घातली. पाऊस आला, धान्य भिजलं. मग बाळंतिणीच्या खोलीवरची काढली, माजघरावर घातली. काढता घालता आणखी फुटली. वारूबाईला रडू कोसळलं. "गळती घरभर हिंडली, आता लेकीच्या उशाशी आली. बाळ आलं की कुठं निजवू हो?"

इतक्यात दारी एक म्हातारी आली. लुगडं ओलं, पायी चिखल. "बाई, टेकायला कोरडी जागा दे." चुलीपुढं तेवढी कोरडी होती. वारूबाईनं तिथं घोंगडी अंथरली, पेज दिली. म्हातारी निवली, तिथंच राहिली. म्हणाली, "मी सांगते तो वसा घ्या. भर दुपारी दारं लावावी. जिथं कवडसा पडेल तिथं भुईला हळदीचं बोट लावावं. जितकी बोटं तितकी कौलं आळीत मागावी. आपलं शाकारलं की शिडी घेऊन शेजारी जावं."

"हा वसा कोणी करावा?"

"ज्याला मागायची लाज वाटते, त्यानं."

नारोबानं हळदीची बोटं मोजली, खाली मान घालून निघाला. पहिल्याच दारी शेजारीण म्हणाली, "भावजी, कौलं कधीची काढून ठेवलीत. तुम्ही तोंड उघडाल तर ना!" दुसरीनं दिली, तिसरीनं दिली. नारोबानं घर शाकारलं, मग शिडी घेऊन आळी शाकारली.

मग ठकूला कळा लागल्या, नि पुन्हा गारा आल्या. कौलांवर असा ताशा वाजला की बाळाचं रडणं कोणाला ऐकूच आलं नाही. नारोबा दाराबाहेरून विचारी, "अगं, गळतंय का?"

"गळतंय ते तुमच्या डोळ्यांतून. आत या, नात बघा."

मग वारूबाई म्हातारीला गोड सांगायला चुलीपुढं गेली. म्हातारी नव्हती. बाहेर आभाळ काळंकुट्ट, नि घोंगडीवर ऊन पडलेलं. वर पाहिलं, तर कौल धड होतं. तिनं तिथंच डोकं टेकलं.

आढेमाये, त्यांच्या घरी बसलीस तशी आम्हां सर्वांच्या घरी बैस. उतणार नाही, मातणार नाही, शाकारणी चुकवणार नाही. ही बारा वाशांची कहाणी एका आढ्याखाली सुफळ संपूर्ण.