परीला हवं एक लक्ष

डोंगराच्या कुशीत, ओढ्याकाठच्या इवल्याशा झोपडीत शेवू आईबरोबर राहायची. आई देवळासाठी फुलांचे हार ओवायची आणि त्यावरच दोघींची चूल पेटायची. पण एके वर्षी आईची बोटं अशी आखडली, की साधी सुईही धरवेना. मग हार ओवायला शेवू बसू लागली.

शेवू मनानं लोण्याहून मऊ, पण तिचं चित्त काही थाऱ्यावर राहायचं नाही. चार फुलं ओवली, की निळा चतुर भिरभिरताना दिसायचा. ही त्याच्या मागं. आणखी दोन ओवली, की बुलबुल शीळ घालायचा, ही कुंपणावर. तोवर फुलं माना टाकायची आणि चूल थंड राहायची.

"शेवे," शेजारच्या ठमाकाकू हसायच्या, "तुझा हार पुरा होईल ना, त्या दिवशी माझ्या कोंबडीला दात येतील बघ!"

एका सकाळी शेवू अंगणातल्या पारिजातकाखाली फुलं वेचायला गेली. हिरव्या गवतावर केशरी देठांची पांढरीशुभ्र नक्षी पडली होती. इतक्यात वरून नाजूक आवाज आला, "मला सोडव ना गं!"

कोळ्याच्या जाळ्यात एक चिमुकली परी अडकली होती. तिचे पंख दवासारखे चमचमत होते.

"हलू नका हं," शेवू हळूच म्हणाली. "पंख फाटायला नको, आणि बिचाऱ्या कोळ्याचं घरही मोडायला नको."

श्वास रोखून तिनं एकेक तंतू सोडवला. परी मोकळी झाली, जाळंही शाबूत राहिलं.

"गुणाची गं माझी बाय!" परी किणकिणली. "माग, काय हवं ते."

"माझ्या आईची बोटं बरी होऊ देत."

"होतील. पण एक नियम आहे. ऊन या झाडाच्या शेंड्यावरून खालच्या विहिरीच्या काठावर उतरायच्या आत मला एक लक्ष दे. अखंड हवं. तुटकं चालायचं नाही." एवढं बोलून परी पानांत दिसेनाशी झाली.

शेवूनं गवतावरच्या फुलांकडं पाहिलं. एक लक्ष? म्हणजे लाखभर फुलं! ती भराभर वेचू लागली. "एकवीस, बावीस..." तोच चतुर आला. "अगंबाई, बावीस की बत्तीस?" पुन्हा पहिल्यापासून! ऊन निम्म्या झाडापर्यंत उतरलं. शेवू रडतच आईकडं पळाली आणि तिनं सगळं सांगितलं.

"एक लक्ष फुलं कुठून आणू गं, आई?"

"परी 'फुलं' म्हणाली का?"

शेवू आठवू लागली. "नाही. एक लक्ष. अखंड."

आईला हसू फुटलं. "अगं वेडाबाई, तेच तर मी तुझ्याकडं रोज मागते! 'शेवू, लक्ष दे!'"

शेवू डोळे पुसून सुई-दोरा घेऊन बसली. आलाच तो चतुर, थेट तिच्या गुडघ्यावर! मन भुर्रकन उडालं. पण तिला परीचा पंख आठवला. तेव्हा कसं, एका वेळी एकच तंतू! तिनं मनाला हलकेच बोलावून आणलं. एक फूल. मग पुढचं फूल.

"शेवे, डोंबारी आलाय गं! पोरगी दोरीवर नाचतेय!" काकू ओरडल्या. ढोलकं कडाडलं. मन पुन्हा पळालं, शेवूनं पुन्हा आणलं. एक फूल. मग पुढचं.

ऊन विहिरीच्या काठाला टेकणार, तोच शेवट‌चं फूल ओवलं गेलं.

"झाला!" शेवू उडी मारून ओरडली.

झाडावरून सोनेरी किरणं झरझर उतरली. त्यांत परी हसत उभी होती. "मिळालं गं मला माझं लक्ष! अखंड!" तिनं आईच्या हातांवर फुंकर घातली. एकेक बोट कळीसारखं उमललं. आईनं स्वतःच्या हातांनी हाराची गाठ मारली आणि शेवूला पोटाशी घट्ट धरलं. परी उजळत गेली, उजळत गेली आणि उन्हात उन्हासारखी विरून गेली.

ठमाकाकू कुंपणाशी येऊन बघतच राहिल्या. गुडघ्यापर्यंत पोचणारा हार!

"शेवे! किती गं फुलं ओवलीस?"

"मोजली नाहीत, काकू," शेवू खुदकन हसली. "पण लक्ष एकच लागलं. जा आता, कोंबडीचे दात बघून या!"