पलीकडच्या वारुळातली दाई

त्या मुलखात दोन वारुळे होती, एक अलीकडचे आणि एक पलीकडचे. मुंग्यांना डोळे असतात ते नावालाच, त्यामुळे आपली कोण आणि परकी कोण हे तिथे वासावरून ठरे. वाटेत कुणी भेटली की तोंड उघडून आपल्या पोटातला एक थेंब तिला पाजायचा, अशी तिथली रीत होती. ज्या वारुळाचे थेंब पोटात, त्या वारुळाचा वास अंगाला. तोंडात थेंब धरून उभी असलेली मुंगी चावू शकत नाही, म्हणून तिलाही कुणी चावायचे नाही, हा नियम दोन्ही वारुळे पाळत. एरवी भांडायला कुणाची ना नव्हती.

पलीकडचे वारूळ दर उन्हाळ्यात अलीकडच्यावर धाड घाली. त्यांना दाणे नको असत. कोषात झोपलेली बाळे उचलून ते पळवून नेत. ती बाळे तिकडेच डोळे उघडत, तिकडचे थेंब पिऊन मोठी होत, आणि पुढच्या उन्हाळ्यात धाडीच्या आघाडीला त्यांनाच उभे केले जाई. मेली तर आपले काय गेले, असा पलीकडच्यांचा साधा विचार होता.

अलीकडच्या वारुळात सगळी कामे बायका करत आणि कारभार पंखवाले बघत. त्यांना उडताना कुणी पाहिले नव्हते, पण बोलताना ते पंख झटकत आणि मग बोलण्याला वजन येई. धाड कधी आणि कुठल्या दाराने येणार हे कळत नसल्यामुळे दरवर्षी घात होई. शेवटी पंखवाल्यांनी पलीकडे हेर पाठवायचे ठरवले. रखवालदारणींचे मोठे जबडे लगेच लक्षात आले असते. म्हणून त्यांनी बाळखोलीतल्या गिरजाला निवडले. ती दाई होती, बाळांना चाटून स्वच्छ ठेवायची. दाईकडे कोण बघतो, असे थोरले पंखवाले म्हणाले, आणि ते खरेच होते. त्यांनी स्वतः तोवर तिच्याकडे कधी बघितले नव्हते.

गिरजा आधी हद्दीवरच्या गवतात राहिली. पलीकडची कुणी दाणे वेचायला आली की ही तोंडात थेंब धरून उभी राहायची आणि तिचा थेंब प्यायची. सुरुवातीला पोटात ढवळायचे. मग ढवळेनासे झाले. एका सकाळी पलीकडच्या दारावरच्या रखवालदारणीने तिला हुंगले आणि ती करवादली, "चल गं बाई, आत हो. वाट अडवून काय उभी राहिलीस?" गिरजाला आनंद झाला, आणि आत पाऊल टाकताना रडूही आले.

तिथेही तिला बाळखोलीतच काम मिळाले. पळवून आणलेले कोष तिथे ओळीने मांडलेले होते. ती ते चाटू लागली. पहिल्यांदा बाहेर आली ती ठकी, इतकी मलूल की जगेल असे वाटत नव्हते. गिरजाने तिला थेंब पाजला. तो पलीकडचाच होता, दुसरा तिच्यापाशी उरला नव्हता. ठकी जगली, गिरजाला आई म्हणू लागली, आणि तिचे ऐकून बाकीच्या पोरीही म्हणू लागल्या. गिरजाने त्यांना कधी अडवले नाही.

मेलेली बाळे टाकायला गिरजा उकिरड्यावर जाई. दोन्ही वारुळांचा उकिरडा एकच होता. मढी वाहणाऱ्यांच्या जवळ कुणी फिरकत नसे, त्यामुळे बोलायला तेवढी एकच जागा होती. अलीकडची मढी भागू वाहून आणत असे. गिरजा तिला मावशी म्हणायची. गिरजा सांगायची ते भागू पंखवाल्यांच्या कानावर घालायची.

उन्हाळा आला तसे गिरजाने सांगितले, "मावशी, धाड पौर्णिमेच्या दुपारी आहे. कुठल्या दाराने, तेही मला कळलंय. पण ते आत्ता नाही सांगणार. आघाडीला पोरी आहेत, त्या आपल्याच आहेत. मीच वाढवल्यात. त्या चावायला येणार नाहीत, तोंडात थेंब धरून येतील. त्यांना आत घ्यायचं, एवढं पंखवाल्यांकडून कबूल करून आण. मग दार सांगते."

भागूने हे जसेच्या तसे वर सांगितले. पंखवाल्यांनी बराच वेळ पंख झटकले. "वास पलीकडचा, तर मुंगी पलीकडची," थोरले म्हणाले. "आणि थेंबाचा नियम या खेपेला बंद. उद्या चोरही तोंड उघडून उभा राहील. जी येईल तिला हुंगायचं, आणि परकी निघाली की तोडायचं."

"पण आपली गिरजा?" भागूने विचारले.

"ती हुशार आहे. येईल काहीतरी करून."

भागू उकिरड्याकडे निघाली. अलीकडच्या बाळखोलीत तिच्या बहिणीने सांभाळलेले कोष होते. दार कळले नाही तर तेही जाणार, हे तिला दिसत होते. गिरजा वाट बघत उभीच होती.

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले," भागू म्हणाली.

गिरजा तिच्या गळ्यात पडली, आणि तिने दार सांगितले. मावळतीचे.

धाडीच्या आदल्या दिवशी गिरजा पलीकडच्या धाडीच्या म्होरकीपुढे उभी राहिली. "मलाही आघाडीला घ्या."

"दाईचं काय काम तिथे?"

"पोरी भेदरतील आणि उधळतील. मी असले तर नाही उधळणार."

म्होरकीला ते पटले.

वाटेत ठकी तिला चिकटून चालत होती. "आई, त्या चावतात का गं?"

"तू थेंब धरून उभी राहा. त्या तुझा घेतील आणि त्यांचा तुला देतील."

"त्यांचा कसा लागतो?"

गिरजाने आठवून पाहिले. काही केल्या ती चव आठवेना. "गोड असतो," ती म्हणाली.

मावळतीच्या दाराशी सगळे फार लवकर आटोपले. आघाडी जागच्या जागी पडलेली पाहून मागचे पलीकडचे पळत सुटले. एकही कोष गेला नाही. वारुळात असा आनंद कित्येक उन्हाळ्यांत झाला नव्हता. पंखवाले पंख पसरून बाहेर आले, आणि थोरल्यांना आठवण झाली.

"अगं, आपली ती दाई आली का परत?"

"नाही जी," रखवालदारीण म्हणाली. "दाराशी आलेल्या एकूण एकीला हुंगूनच मारलं. त्यांत आपली एकही नव्हती."

"अरेरे," थोरले म्हणाले, आणि ते खरोखरच हळहळले.

मढी उचलायला भागू आली. कुणाचेही जबडे मिटलेले नव्हते. प्रत्येकीच्या तोंडात एकेक थेंब तसाच होता. कडेला एक दाई एका पोरीवर पालथी पडली होती, आणि त्या दोघींना वेगळे करता येत नव्हते.

"मावशी, जपून," मागून रखवालदारीण ओरडली. "त्यांच्या तोंडात विष असेल."

भागू वाकली. तिने पोरीच्या तोंडातला थेंब प्यायला, मग दाईच्या तोंडातला. मग ती पुढच्या पोरीकडे सरकली, आणि तिच्या पुढच्या. एकीचाही तिने ठेवला नाही. मग एकेकीला पाठीवर घेऊन तिने उकिरड्यावर नेले, आणि दिवस कलताना काम संपवून ती दाराशी परतली.

रखवालदारणीने तिला हुंगले. मग जरा थांबून पुन्हा हुंगले.