तिळीची अंडी राहिली गार

डोंगराखाली एक कौलारू घर. घरात हौसा. हौसाची छोटी लेक छबी. आणि अंगणात एक पिटुकली कोंबडी. पांढरं अंग, त्यावर काळे ठिपके, तिळाएवढे. म्हणून तिचं नाव तिळी.

तिळी अंडं घालायची. हौसा ते हळूच उचलायची. कोरड्या फडक्यानं पुसायची. धुवायची मात्र नाही. मग जायची माठामागच्या गार गार कोपऱ्यात. तिथे एक टोपली. टोपलीत साळीचं तूस. हलकं हलकं, पिवळं पिवळं. त्या तुसात हौसा अंडं उभं ठेवायची. निमुळतं टोक खाली, जाड टोक वर. एकाला एक लागू द्यायची नाही. वरून पुन्हा तुसाचं पांघरूण.

हौसा तिळीला सांगायची, "पुरेशी अंडी झाली की तू बस त्यांच्यावर. ऊब दे. पिल्लं येतील. तोवर अंडी गार हवीत. ताजी हवीत."

तिळी म्हणायची, "कुक."

एक दिवस वारा आला. फूऽऽऽ.
छपराचं कौल सरकलं. खर्रर्र.
टोपलीतलं तूस उडालं. भुर्रर्र.
दारातून गेलं, अंगणातून गेलं, पार ओढ्यात गेलं.

अंडी पडली उघडी. सरकलेल्या कौलातून ऊन आत आलं. एवढुस्सा कवडसा. तो हळूहळू टोपलीकडे निघाला. सर्र.

तिळी घाबरली. ऊन लागलं तर अंडी नासतील. पिल्लं येणारच नाहीत. वर बसावं का? नको. ऊब लागेल, आणि बसायची वेळ अजून झाली नव्हती. तूस हवं. तूसच हवं.

निघाली तिळी. तुरु तुरु, टुक टुक.

पडवीत होतं उखळ. दगडाचं, खोल पोटाचं.

"उखळदादा, उखळदादा, तूस दे.
तूस घालीन अंड्यांवर.
अंडी राहतील गार गार."

उखळानं पोट दाखवलं. पोट रिकामं. साळ कांडली की तूस निघतं, असं ते म्हणालं. साळ म्हणजे सालासकट तांदूळ. "आधी साळ, मग तूस."

तिळीनं मागे पाहिलं. कवडसा सरकला. सर्र.

निघाली तिळी. तुरु तुरु, टुक टुक.

घरात होती कणगी. बांबूची, ढेरपोटी. पोटात साळच साळ.

"कणगीमावशी, कणगीमावशी, साळ दे.
साळ देईन उखळाला.
उखळ देईल तूस.
तूस घालीन अंड्यांवर.
अंडी राहतील गार गार."

कणगी बोलली, पण आवाज आला घूं घूं. तिचं तोंड शेणमातीनं लिंपून बंद केलेलं. हौसानंच केलं होतं, उंदीर येऊ नयेत म्हणून. "आधी हौसा उघडेल, मग साळ."

तिळीनं मागे पाहिलं. कवडसा सरकला. सर्र.

निघाली तिळी. तुरु तुरु, टुक टुक.

अंगणात जांभळाचं झाड. फांदीला झोळी. झोळीत छबी. झोळीजवळ हौसा.

"हौसाताई, हौसाताई, कणगी उघड.
कणगी देईल साळ.
साळ देईन उखळाला.
उखळ देईल तूस.
तूस घालीन अंड्यांवर.
अंडी राहतील गार गार."

हौसाचा जीव हळहळला. पण छबी रडत होती. भ्यां भ्यां. हौसा थोपटत होती. थप थप. हात सोडला की छबीचा सूर वर जायचा. "उघडते गं बाई," हौसा म्हणाली. "पण आधी छबी निजेल, मग कणगी."

तिळीनं घराकडे पाहिलं. कवडसा सरकला. सर्र.

तिळीनं मारली उडी. फडफड फडफड. झोळीच्या काठावर बसली.

"छबूबाळा, छबूबाळा, नीज.
छबी निजेल.
हौसा उघडेल कणगी.
कणगी देईल साळ.
साळ देईन उखळाला.
उखळ देईल तूस.
तूस घालीन अंड्यांवर.
अंडी राहतील गार गार."

छबीनं ओठ काढला. आईचं थोपटणं तिला नको होतं. आईचा झोकाही नको. तिला हवा होता फांदीचा झोका. "आधी झोका, मग निज."

तिळीनं घराकडे पाहिलं. कवडसा टोपलीपाशी आला. सर्र.

तिळी खाली उतरली. तुरु तुरु, टुक टुक. गेली जांभळाच्या बुंध्याशी.

"जांभूळबाबा, जांभूळबाबा, फांदी हलव.
फांदी देईल झोका.
छबी निजेल.
हौसा उघडेल कणगी.
कणगी देईल साळ.
साळ देईन उखळाला.
उखळ देईल तूस.
तूस घालीन अंड्यांवर.
अंडी राहतील गार गार."

जांभूळ कण्हलं. त्याच्या बुंध्याला वाळवी लागली होती. पायापासून वर मातीच्या ओळीच ओळी. आत वाळवी कुरतडत होती. कुर कुर, कुर कुर. फांदी हलवायला अंगात जोरच नव्हता. "आधी वाळवी जाईल, मग फांदी."

तिळीला वळून बघायचा धीर होईना. तिनं चोचीनं मातीवर ठोकलं. ठक ठक.

"वाळवीबाई, वाळवीबाई, निघून जा.
जांभूळ हलवेल फांदी.
फांदी देईल झोका.
छबी निजेल.
हौसा उघडेल कणगी.
कणगी देईल साळ.
साळ देईन उखळाला.
उखळ देईल तूस.
तूस घालीन अंड्यांवर.
अंडी राहतील गार गार."

आतून वाळवी म्हणाली, "नाही जात."

तिळीनं पुन्हा ठोकलं. ठक ठक. इकडे गेली, तिकडे गेली. सगळ्यांना विनवलं. आता कुणाकडे जायचं?

मातीची एक ढपली पडली. टप. आत दिसली वाळवी. पांढरी पांढरी, मऊ मऊ, गुबगुबीत. तिळीनं मान वाकडी केली. एका डोळ्यानं पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं.

सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

टिच.

छान लागली.

टिच टिच. टिच टिच. तिळीनं पायानं माती उकरली. खर खर. चोचीनं वाळवी टिपली. टिच टिच. खालची टिपली, वरची टिपली. उरली ती पळत सुटली.

मग काय झालं?

जांभळाचं अंग हलकं झालं. जांभळानं फांदी हलवली. सळ सळ.
फांदीनं झोका दिला. झुई झुई.
छबी निजली. घुर्र घुर्र.
हौसानं कणगी उघडली. खटाक.
कणगीनं साळ दिली. खळ खळ खळ.
साळ गेली उखळात. धप धप, धप धप.
हौसानं सूप घेतलं, पाखडलं. फट फट.
तांदूळ एकीकडे, तूस एकीकडे. हलकं हलकं, पिवळं पिवळं.

हौसा तूस घेऊन धावली. तिळी पुढे, हौसा मागे. तुरु तुरु, टुक टुक.

कवडसा टोपलीवर चढत होता. अंड्यांना लागला नव्हता. अगदी लागणारच होता.

हौसानं काठीनं कौल सरकवलं. खर्रर्र. कवडसा गेला. मग टोपलीत तूस घातलं. अंडी एकेक करून उभी ठेवली. निमुळतं टोक खाली, जाड टोक वर. वरून तुसाचं पांघरूण. हौसानं तुसात बोट घालून पाहिलं.

"गार आहेत गं तिळी," ती म्हणाली. "गार आणि ताजी."

तिळी म्हणाली, "कुक."

पुढे पुरेशी अंडी झाली. मग तिळी टोपलीत बसली. पंख पसरून बसली. खूप खूप दिवस बसली. आणि एका सकाळी पोटाखाली हाललं काहीतरी.

टिक. टिक. टिक.

चिव.

एका पंखाखालून एक डोकं आलं. दुसऱ्या पंखाखालून दोन डोकी आली. मग चिव चिव, चिव चिव, सगळीकडे चिव चिव. छबी रांगत आली आणि टोपलीजवळ बसून हसली.

आता पिल्लं दमलीत. तिळीच्या पिसांत निजलीत. आपण हळू बोलू हं.