वेलीचं दुसरं टोक

डोंगराच्या पायथ्याशी एक इवलंसं रान होतं आणि तिथल्या खारींना पुरून ठेवलेलं काही केल्या आठवत नसे. सुगीत बिया पुरायच्या आणि उन्हाळ्यात सगळं रान उकरत सुटायचं, असा त्यांचा संसार.

ही गोष्ट डोंगरमाथ्यावरच्या हत्तीच्या कानावर गेली. कान मोठेच त्याचे! तो खाली उतरला, वडाची एक ढोली पसंत केली आणि म्हणाला, "बिया इथं ठेवा. मी कधी काही विसरत नाही." खारी हरखल्या. पण हत्तीला रोज खाली येणं कुठलं जमायला? त्यानं धवलराव नावाच्या बगळ्याला ढोलीवर नेमलं आणि माथ्यापासून ढोलीपर्यंत एक लांबलचक वेल सोडली. नियम साधा. बी बाहेर काढायची तर आधी वेल ओढायची. सैल आली तर होकार, ताठ राहिली तर नकार.

धवलरावांनी पहिल्याच दिवशी डोक्याला हत्तीच्या कानांसारखी अळूची दोन पानं बांधली आणि मान डुलवत चालायला लागले. हत्ती मासे खात नाही, म्हणून चारचौघांत मासा दिसला की तोंड फिरवायचे. मग ओढ्यापलीकडे जाऊन गुपचूप गट्टम करायचे. खारी फिदीफिदी हसायच्या, पण बिया ठेवत गेल्या. वर्षं बरी गेली. वेल ओढली की सैल यायची.

मग एका वर्षी पाऊसच रुसला. झिपरी नावाच्या खारीची पिल्लं भुकेनं इतकी मलूल झाली, की त्यांची चिवचिवही थांबली. ती धावत ढोलीशी आली.

"धवलराव, माझ्या बिया द्या हो. पिल्लं जातील माझी!"

धवलरावांनी वेल ओढली. ताठ. पाय रोवून ओढली. आणखीच ताठ.

"वरून नकार आहे, बाई."

"अहो, पण बिया माझ्या आहेत!"

"म्हणून तर इतक्या नम्रपणे सांगतोय."

झिपरीच्या अंगाचा तिळपापड झाला. "थांबा, त्या हत्तीलाच जाब विचारते," म्हणत ती वेलीवरूनच सुसाट निघाली.

माथ्यावर पोचली आणि बघतच राहिली. हत्तीच्या बैठकीवर गवत माजलं होतं आणि त्यात एक टिटवी अंडी उबवत बसली होती.

"हत्ती? तो केव्हाच गेला दुसऱ्या मुलखात," टिटवी म्हणाली. "वेल सोडून न्यायची विसरला."

वेल एका खुंटाला वळसा घालून पलीकडच्या उतारावर उतरली होती. तिकडेही रान, तिकडेही ढोली, आणि अळूचे कान बांधलेला दुसरा एक बगळा पाय रोवून वेल ओढत होता. त्याच्यासमोर एक ससा रडत उभा.

"वरून नकार आहे, बाबा!" त्याचा आवाज माथ्यापर्यंत आला.

झिपरीनं खुंटापाशी वेलीला दात लावले. करकर, करकर, तुटली.

दोन्ही पायथ्यांना अजून वेल ओढत असलेले दोन बगळे एकदमच उताणे पडले. धवलराव पडल्यापडल्याच ओरडले, "सैल आली! होकार! होकार आला!" झिपरी धापा टाकत परतली तेव्हा ढोली उघडी होती. पिल्लांच्या पोटात चार बिया गेल्या, ती पुन्हा चिवचिवली आणि झिपरीला रडूच फुटलं.

ओढून ओढून अख्खी वेल खाली आली. तिचं वेटोळं आता ढोलीच्या दारात पडलेलं असतं, कुरतडलेलं टोक सगळ्यात वर. कुणी बी मागायला आलं, की धवलराव कान नीटनेटके करतात, माथ्याकडे बघून मान लववतात आणि वेल अदबीनं ओढतात.

ती लगेच सैल येते.