वांझ माळाची ओटी

खडकओढी हे गाव डोंगराच्या पायथ्याशी होते. त्या वर्षी श्रीतृणनाथ महाराजांनी चातुर्मासासाठी तेथील मारुतीच्या देवळात मुक्काम केला. महाराज गवताच्या पेंढीवर निजत, म्हणून लोक त्यांना तृणनाथ म्हणत. खरे नाव कोणी विचारले नाही, त्यांनीही कधी सांगितले नाही.

गावाच्या वरच्या अंगाला गायरान होते. गायरान कसले, उघडा मुरूम! पावसाळ्यात बोटभर कुसळी गवत यायचे आणि दसऱ्यालाच वाळून गुरांच्या तोंडात टोचायचे. गाव त्याला 'वांझ माळ' म्हणे. पिढ्यान् पिढ्या सगळ्या गावाची गुरे त्याच माळावर चरली, शेण मात्र वेचून प्रत्येकाने आपल्या घरी नेले. माळाला परत कोणी काय दिले? पाटीभर खतसुद्धा नाही. ओरबाडायचे तेवढे ओरबाडायचे आणि वर वांझ म्हणायचे!

या माळावर गावची गुरे राखायची गवराबाई. तरुणपणीच नवरा गेला, पोटी मूल नव्हते. तिलाही गाव तेच म्हणे. "वांझ माळाला वांझ राखणदारीण," असे चावडीवर हसून बोलत, तिला ऐकू जाईल अशा बेताने. गवराबाई मान खाली घालून गुरे हाकी. रोज संध्याकाळी देवळापुढे थांबून ती महाराजांना लांबूनच हात जोडायची.

श्रावणातल्या शुक्रवारी माळजाईच्या देवळात ओट्या भरण्याचा सोहळा असे. बायका हिरव्या चोळ्या घालून येत आणि गवराबाई कुंपणाबाहेर गुरांत उभी राही. त्या वर्षी महाराज देवळाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी हाक मारली, "गवराई, इकडे ये. पदर पसर."

बायका दचकल्या. गवराबाई म्हणाली, "महाराज, माझी ओटी भरत न्हाईत."

"कोण म्हणतं?"

दौलतराव नलगे पुढे आले. गावातली सर्वांत मोठी खिल्लारे त्यांच्या गोठ्यात आणि सर्वांत मोठा आवाजही त्यांचाच. "महाराज, शास्त्र आहे. विधवेची, त्यातून वांझेची ओटी? तुम्ही संन्यासी, तुम्हांला संसारातलं काय कळायचं!"

महाराजांनी झोळीत हात घातला आणि गवराबाईच्या पदरात हुलगे ओतले. ना तांदूळ, ना गहू, ना खोबरे. हुलगे!

दौलतराव खदखदून हसले. "बघा रे, घोड्याचा खुराक! जशी ओटी तसा माल!"

"ओटी हिची नाही, दौलत," महाराज म्हणाले. "त्या माळाची आहे. ही नुसती पदर पसरून उभी आहे. गवराई, जा, पेर."

भादव्याच्या ओलीवर गवराबाईने माळाच्या मध्यावर बांबूने टोचून टोचून हुलगे पेरले. पदरातले दाणे मूठभर, पण बिघाभर जागा पेरून झाली तरी पदर रिता झाला नाही! भोवती तिने बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घातले. पेरणी झाली त्या दिवशी महाराज आले आणि कुंपणाबाहेरून, चिखल तुडवत, अनवाणी प्रदक्षिणा घालून गेले. "माळजाई सोडून मुरमाला प्रदक्षिणा!" म्हणून लोकांनी पोट धरून हसून घेतले.

हुलगा उगवला, वेल पसरला. सगळा माळ वाळला तरी तो दंवावर हिरवागार राहिला. दौलतरावांच्या डोळ्यांत ते हिरवे खुपू लागले. एके दिवशी त्यांनी कुंपणातून हात घालून एक वेल मुळासकट उपटला. मुळाला बारीक बारीक गाठी! मोहरीएवढ्या, गुलाबीसर. ते तसेच चावडीवर आले.

"बघा! रोग आहे हा. वांझेच्या हातचं बी, मुळाला गाठी धरल्यात. आमच्या गाभण गाईंनी हे खाल्लं तर गाभ टाकतील."

आता हुलगा काय त्या गावाला नवा होता? घरोघर पिकायचा. पण लोक तो वाळल्यावर उपटत, तोवर गाठी सुकून गळून गेलेल्या असत. हिरवे रोप उपटून मूळ कोणी कशाला पाहील? म्हणून सगळ्या शहाण्यांनी माना डोलावल्या.

गवराबाई हात जोडून म्हणाली, "अण्णा, दाणा भरेपर्यंत तरी थांबा. मी आदी खाऊन दाखवते."

"तुझ्या खाण्यानं काय व्हायचंय? तुला कुठं गाभ आहे!"

चावडी हसली. त्या हसणाऱ्यांत एकालाही आई नव्हती काय? पंचांनी ठरवले: हुलगा जाळायचा, आणि गवराबाईने तुळशीच्या लग्नाआधी झोपडी सोडून गाव सोडायचे. वीस वर्षे तिने ज्यांच्या गाई आपल्या लेकरांसारख्या सांभाळल्या, त्यांचाच हा निवाडा!

ती मारुतीच्या देवळात जाऊन रडली. महाराज एवढेच म्हणाले, "सकाळी गुरं घेऊन जा. रोजच्यासारखी."

दुसऱ्या दिवशी गवराबाईने कुंपण नीट केले, एकेका जनावराच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर चहूकडे वाळके कुसळ खडखडत होते. भर दुपारी दौलतरावांनी माळाच्या खालच्या अंगाला पेटता बोळा टाकला. त्या वेळी गुरे ओढ्यावर पाण्याला असतात, असा त्यांचा हिशेब. खात्री करायला मात्र कोणाला पाठवले नाही. आणि गवराबाईने तर गुरे लवकर पाजून केव्हाच माळावर आणली होती.

कुसळ ते, भडकायला किती वेळ! वाऱ्याने उचल खाल्ली आणि तिन्ही बाजूंनी धूर आला. गुरे हंबरू लागली. गवराबाईने उघड्या हातांनी काटे ओढून कुंपण मोडले, हात रक्ताळले. "चला गं, चला माझ्या बायांनो!" म्हणत तिने साठ जनावरे हुलग्यात रेटली. सर्वांत मागे दौलतरावांची पहिलटकर गाय चांदी होती, दिवस भरत आलेली. गवराबाई तिच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, ओटी तुमची. तुम्हीच राखा."

खाली दौलतरावांना हंबरणे ऐकू आले. "चांदी! अरे, माझी चांदी वर आहे!" ते वेड्यासारखे धावले, पण धगीने पाऊल पुढे पडेना.

आणि काय सांगावे! जाळ कुंपणाजवळ आला नि थबकला. सकाळी जिथे वाळके कुसळ होते, तिथे आता वावभर, दोन्ही हात पसरावेत एवढा रुंद, ओला, गच्च हुलगा उभा होता. गोल! जिथे जिथे महाराजांची पावले चिखलात उमटली होती, तिथे तिथे वेल. एक दाणाही गवराबाईने तिथे पेरला नव्हता. जाळाने जीभ लावून पाहिली, चरचरला आणि विझला.

धूर निवळला तेव्हा गुरे शांतपणे हुलगा खात होती. चांदीही.

महाराज तापल्या राखेतून चालत आले. दौलतराव त्यांच्या पायांवर कोसळणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले. त्यांचा स्वर कधी नव्हे तो चढला होता.

"थांब! आज तू भीतीनं वाकतोयस. भीतीनं वाकलेली मान उद्या पुन्हा ताठ होते. गाठी बघून रोग म्हणालास ना? अरे, तुम्ही गाठी मारता त्या आपलं आपल्यापाशी ठेवायला. हे झाड गाठी मारतं ते मातीला द्यायला. ज्यांनी दिलं त्यांना वांझ म्हणालात, आणि नुसतं घेत बसलेले तुम्ही फळलेले! वेल गुरांना खाऊ द्या, मुळं भुईतच राहू द्या. पुढच्या श्रावणात माळ बघ, मग वाकायचं की नाही ते ठरव."

गवराबाईची झोपडी राहिली. चांदीला ठणठणीत कालवड झाली.

पुढच्या श्रावणात माळावर गावाने पाहिले. सगळीकडे बोटभर कुसळ, आणि मध्ये वर्तुळात गुडघाभर गवत, काळेभोर हिरवे. त्यात गेल्या वर्षीच्या सांडलेल्या दाण्यांचे हुलगे आपोआप वर आलेले. दौलतराव एकटेच तिथे गेले. खाली बसून त्यांनी बोटांनी माती उकरली. मुरूम भुसभुशीत झाला होता, मुठीत दाबला तर ओल लागत होती. ती मूठ तशीच घेऊन ते घरी गेले.

शुक्रवारी माळजाईच्या देवळात त्यांच्या घरधनिणीने कुंपणाबाहेर जाऊन गवराबाईचा हात धरून तिला आत आणले आणि सर्वांदेखत तिची ओटी भरली. हुलग्यांनी! दौलतराव पुढे झाले. पागोटे काढून त्यांनी गवराबाईच्या पायांपाशी ठेवले आणि भुईला कपाळ टेकले. महाराज याही चातुर्मासाला आले होते; पायरीवर बसलेल्या महाराजांनी या वेळी त्यांना थांबवले नाही.

गवराबाईने भरला पदर सावरला. "उठा, अण्णा," ती म्हणाली. "आज सगळा माळ पेरायचाय. बांबू घेऊन या."