एका तुळईवर नऊ दोऱ्या

त्या मुलखात भिंत सरळ आहे की नाही हे ओळंबे ठरवत. दोरीला टांगलेले धातूचे लहानसे गोळे ते, पण नऊ गावांची घरे त्यांच्या शब्दावर उभी होती. फार पूर्वी ते सगळे एका किल्ल्यात थोरल्या ओळंब्याच्या हाताखाली असत. थोरला कलला तरी त्यालाच सरळ म्हणावे लागे. ते सोसवेना, तेव्हा नऊ जण बाहेर पडले आणि त्यांनी शपथ घेतली की यापुढे ज्याची खुंटी त्याची. कुणी कुणाच्या भिंतीकडे पाहायचे नाही. ही शपथ त्यांनी जरा जास्तच पाळली.

नदीकाठचा पितळी ओळंबा सर्वांचा लाडका. त्याच्या गावच्या कोठाराची भिंत पुढे झुकू लागली, तेव्हा त्याने चुन्याचा गोळा लावून स्वतःला भिंतीच्या बुडाशी चिकटवून घेतले. "भिंतीला दुखवून कसला आलाय सरळपणा?" तो म्हणे. "ती झुकेल तसा मी झुकतो." गाव खूश झाले. शेजारच्या दोन गावांनीही चुना मळायला घेतला.

त्या भिंतीखाली एका खारीचे बिऱ्हाड होते. डोक्यावर माती गळू लागली तशी ती खडकवाडीच्या लोखंडी ओळंब्याकडे धावली.

"दादा, पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नाहीत. उगाच हलवली तर गारठून मरतील. भिंत सरळ आहे असं पितळ्या म्हणतो. तुम्ही सांगा, राहू की निघू?"

लोखंडी ओळंब्याला लाज वाटली. उरलेल्या आठही जणांनी पितळ्याला त्या भिंतीबद्दल एकेक गोड निरोप धाडला होता, आठही गोड उत्तरे आली होती आणि सगळे तेवढ्यावरच थांबले होते. नवांनीही त्या भिंतीसमोर एकत्र टांगून घेऊन एकमेकांची दोरी पारखावी, असे सांगत तो त्याच पावली गावोगाव निघाला.

"एका तुळईवर टांगून घ्यायचं? म्हणजे पुन्हा थोरला आलाच!" माळावरचा शिशाचा ओळंबा भडकला.

"तुळई कुणाचीच नाही. आणि पारख सगळ्यांची. आधी माझी दोरी बघा."

चौथ्या दिवशी त्या भिंतीसमोर तुळई चढली. लोखंडी ओळंबा पहिला लटकला. माळावरच्याच्या दोरीत पीळ निघाला. त्याने तो सर्वांदेखत उलगडला.

"भिंत वाकडी असल्याचा ठराव मला वगळून करा ना," पितळ्या म्हणाला.

"तुला वगळायचं असतं तर घरी बसूनच केला असता," लोखंडी ओळंबा म्हणाला.

 पितळ्याने अखेर चुना खरवडला आणि तो नवव्या खुंटीला आला.

वारा पडला. दोऱ्या एकेक करून थांबल्या. पितळ्याची दोरीही इतर आठांसारखीच सरळ खाली उतरली. त्याने वळून पाहिले. वर त्याची दोरी भिंतीला टेकली होती आणि खाली दोरी आणि भिंत यांच्यामध्ये हातभर फट होती.

खारीनेही ती पाहिली. एकेक पिल्लू तोंडात धरून ती त्या फटीतून तीनदा गेली, आणि तिच्या झुपकेदार शेपटीचा दोरीला एकदाही स्पर्श झाला नाही.